कोरड्या घळीत गाडी घालण्याआधी: वाळवंटातल्या अचानक पुरापासून वाचण्यासाठी नवख्यांना पायरी-पायरीने मार्गदर्शन

वाळवंटातल्या घळीत पहिल्यांदा गाडी घालणाऱ्याच्या मनात ठरलेल्या भीती असतात. चाकं वाळूत रुततील, टायर फाटेल, वाट चुकेल. पाण्याची भीती सहसा नसते, कारण पाणी कुठे दिसतच नाही. चाकाखाली फुफाटा, दोन्ही बाजूंना तापलेले कडे आणि वर निळ्या आभाळाची चिंचोळी पट्टी. पण ज्या सपाट, मऊ वाळूवरून गाडी मजेत चालली आहे ती वाळू तिथे पाण्यानेच आणून टाकलेली असते आणि ते कडेही पाण्यानेच कापलेले असतात. अरबस्तानात अशा वाटेला वादी म्हणतात, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात वॉश किंवा अरोयो. नाव काहीही असो, ते नदीचं पात्र आहे. वर्षातले बरेच दिवस ते कोरडं असतं, एवढंच.

नवख्याने आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. तुम्हाला वाहून नेणारा पाऊस बऱ्याचदा तुमच्या डोक्यावर पडत नाही. तो कुठेतरी वर, तुम्हाला न दिसणाऱ्या डोंगरावर पडतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटकांचा जीव गेला. त्या घळीत पाऊस जवळपास नव्हताच, वादळ कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला बरसलं होतं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पाणी इतकं येतं कुठून, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. दहा चौरस किलोमीटरच्या डोंगरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते 25 कोटी लिटर पाणी होतं. झाडी आणि खोल माती असलेल्या प्रदेशात त्यातलं बरंचसं जिरतं. वाळवंटात वरचा भाग उघडा कातळ, नाहीतर उन्हाने भाजून घट्ट झालेली माती. जोराच्या सरीत पाणी जिरायला वेळच मिळत नाही. त्यातलं निम्मं वाहून आलं तरी साडेबारा कोटी लिटर पाणी शेकडो ओघळींतून एकाच तोंडाशी येतं, आणि ते तोंड कधीकधी तुमच्या गाडीपेक्षा थोडंसंच रुंद असतं.

पहिली पायरी: पाणलोट नकाशावर काढा

निघण्याआधी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा उघडा. आपण जाणार ती वाट पाहायची सवय सगळ्यांना असते. इथे उलटं करायचं: घळीच्या खालच्या तोंडावर बोट ठेवायचं आणि पाणी ज्या ज्या दिशांनी तिथे येऊ शकेल त्या सगळ्या दिशांना वर चढत जायचं. समोच्च रेषांची टोकं जिकडे निमुळती होत वर शिरतात तिकडे ओघळ असतो. दोन ओघळींना वेगळं करणारी धार दिसली की तिच्यावरून पेन्सिल फिरवा. रेघ पूर्ण होऊन परत सुरुवातीला आली की आत उरतं ते तुमचं पाणलोट क्षेत्र. पहिल्या वेळी अर्धा-पाऊण तास लागतो. तो वेळ मनापासून द्या, या लेखातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम हेच आहे. पाच किलोमीटरच्या घळीत शिरणार म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला कळतं की तिचा वरचा फाटा चाळीस किलोमीटर लांबच्या डोंगरापर्यंत गेला आहे.

रेघ काढून झाली की उपग्रहाच्या छायाचित्रात तोच भाग पाहा. उघडा, गुळगुळीत कातळ जास्त असेल तर पूर लवकर येणार. अलीकडे वणवा लागून गेलेला भाग असेल तर अधिकच सावध राहा. जळालेल्या जमिनीत पाणी जिरत नाही आणि येताना ते राख, चिखल, जळके ओंडके घेऊन उतरतं. मुख्य पात्राला बाजूच्या घळी कुठे मिळतात त्या जागांवर खुणा करून ठेवा, त्या पुढे लागतील.

दुसरी पायरी: अंदाज वरच्या डोंगराचा पाहा

फोनवरचं हवामान ॲप बहुधा जवळच्या गावाचा अंदाज दाखवतं. तुम्हाला हवा आहे तो रेघेच्या आतल्या सगळ्यात उंच भागाचा. तिथलं ठिकाण निवडून अंदाज पाहा. गडगडाटी पावसाची 20 टक्के शक्यता लिहिलेली असेल तर तिला कमी समजू नका. एकच ढग, एकाच डोंगरावर, अर्धा तास बरसला तरी पूर यायला पुरतं.

कोणत्या प्रदेशात जाता त्यावर काळवेळ ठरते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येत मान्सूनचा काळ 15 जून ते 30 सप्टेंबर धरतात. तिथली वादळं बहुतेक दुपारी उभी राहतात, म्हणून पहाटे आत शिरून दुपारच्या आत बाहेर पडायची रीत आहे. ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीत मोठा पाऊस बहुधा हिवाळ्यापासून वसंतापर्यंतचा, पण तिथल्या 'हजर' नावाच्या पर्वतरांगेवर ऐन उन्हाळ्यातही दुपारी ढग फुगतात आणि वाद्या वाहतात. हिवाळी पावसाचा पट्टा रात्रीही येतो, पहाटेही येतो. तिथे 'दुपारच्या आत बाहेर' हा नियम कामाचा नाही, तो दिवसच सोडून द्यावा लागतो.

इशाऱ्यांची भाषाही समजून घ्या. अमेरिकी हवामान खातं 'वॉच' म्हणतं तेव्हा पुराला अनुकूल परिस्थिती आहे असा अर्थ होतो. 'वॉर्निंग' म्हणजे पूर आला आहे किंवा येऊ घातला आहे. घळीत शिरायचं की नाही हा निर्णय वॉचवरच व्हायला हवा. वॉर्निंग निघेपर्यंत तुमच्या फोनची रेंज गेलेली असते.

युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात 14 सप्टेंबर 2015 रोजी कीहोल कॅन्यनमध्ये शिरलेले सातही जण दगावले. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता, आणि पुराची शक्यता मोठी असल्याचा अंदाजही त्या दिवशी जाहीर होता. परवाना म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, तो फक्त आत जायची मुभा देतो. त्या दुपारी तिथल्या व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याचा प्रवाह पंधरा मिनिटांत सेकंदाला 55 घनफुटांवरून 2,630 घनफुटांवर गेला.

तिसरी पायरी: बरोबर काय घ्यायचं, मागे कोणाला सांगायचं

रुतलेली गाडी बाहेर काढायचं सामान, म्हणजे विंच (ओढायचं यंत्र), रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या), दोर, या गोष्टी तुम्ही घेणारच, त्यांबद्दल इथे बोलत नाही. पुरासाठी म्हणून वेगळं लागतं ते थोडकं आहे. मोबाइलच्या रेंजशिवाय चालणारं सॅटेलाइट मेसेंजर किंवा आपत्कालीन बीकन (मदतीसाठी आपली जागा कळवणारं यंत्र) घ्या, आणि ते डिकीत न टाकता अंगावर ठेवा. फोनमध्ये ऑफलाइन नकाशे असू द्या. काच फोडायचं आणि पट्टा कापायचं छोटं हत्यार चालकाच्या हाताला लागेल असं अडकवा. एका पिशवीत पाणी, गरम कपडा, टॉर्च, शिट्टी आणि प्रथमोपचाराचं सामान भरा. ही पिशवी मागच्या सीटवर सगळ्यांत वर राहिली पाहिजे, कारण गाडी सोडताना ती उचलायला तुमच्याकडे दोन सेकंदच असतील.

घरी राहणाऱ्या एका माणसाला घळीचं नाव, आत शिरायची आणि बाहेर यायची जागा, गाडीचा नंबर आणि 'अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर अमुक क्रमांकावर कळव' असं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरतं.

चौथी पायरी: आत शिरताना निसटायच्या जागा मोजत जा

घळीच्या तोंडाशी थांबा आणि इंजिन बंद करा. खाली उतरून कड्याकडे पाहा. मागच्या पुराने आपली उंची तिथे लिहून ठेवलेली असते. कपारीत अडकलेल्या काड्यांचा झुपका, झुडपाच्या फांद्यांत वरच्या बाजूने गुंडाळलेलं गवत, दगडावर वाळलेल्या गाळाची आडवी रेघ. एका घळीत मी गाडीच्या टपावर उभा राहून हात वर केला, तरी दोन कड्यांच्या मध्ये आडवा अडकून बसलेला ओंडका मला हातभर दूर राहिला. साल पूर्ण सोललेली, टोकं ठेचून गोल झालेली. खाली वाळूत पाण्याचा मागमूस नव्हता, फक्त एका खळग्यात चिखलाचे पोपडे वाळक्या पानांसारखे वळून पडले होते. पोपडे ओलसर असतील, सहज वाकत असतील, तर पाणी नुकतंच येऊन गेलं आहे असं समजा. म्हणजे वरची जमीन अजून भिजलेली आहे, आणि पुढच्या पावसातलं पाणी तिथे आणखी कमी जिरेल.

आता निसटायची जागा म्हणजे काय ते ठरवू. जिथे गाडी किंवा निदान माणसं त्या जुन्या रेघेच्या स्पष्ट वर जाऊ शकतील अशी जागा. जुनी, जाड बुंध्याची झाडं जिथे शांतपणे उभी आहेत असा उंच टप्पा चांगला. पात्राच्या मधलं वाळूचं बेट उंच दिसलं तरी त्याला जागा म्हणू नका, पाणी चढलं की ते चारही बाजूंनी तुटतं आणि मग विरघळतं.

आत जाताना शेजारी बसलेल्याने प्रत्येक अशी जागा वेळेसह लिहायची. मागची जागा किती मिनिटांवर राहिली, हे विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे. माझा स्वतःचा नियम असा: दोन जागांमधलं अंतर दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल, तर आभाळ सगळ्या बाजूंनी स्वच्छ असल्याशिवाय तो टप्पा घ्यायचा नाही. आणि हे मोजताना रिव्हर्सची गती धरायची. अरुंद घळीत गाडी वळत नाही. पुढे दहा मिनिटांत आलेली वाट मागे जायला अर्धा तास लागू शकतो.

रुंद जागा मिळाली की थांबण्याआधी गाडी वळवून तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवा. दोन-तीन गाड्या असतील तर चिंचोळ्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी घाला, बाकीच्यांनी उंचावर थांबायचं. एकामागे एक घुसून मधलीच रुतली की मागची अडते आणि पुढचीचा मागे फिरायचा रस्ता बंद होतो.

मुक्काम पात्रात करू नका. सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोसा असलेली वाळू तंबूसाठी फार मोहात पाडते, हे मान्य आहे. पण झोपेत तुम्हाला पुढची कोणतीच खूण कळणार नाही.

पाचवी पायरी: खुणा ओळखा

काचा वर, एसी चालू, गाणी चालू अशा गाडीत पूर कळतच नाही. म्हणून दर काही मिनिटांनी काच खाली घ्या, आणि प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करून निदान अर्धा मिनिट कुणी बोलू नका. लांबून आलेला गडगडाट, वरच्या अंगाने अचानक सुटलेला गार वारा, कोरड्या दिवसात येणारा ओल्या मातीचा वास, कोरड्या वाळूत अचानक वाहू लागलेला पाण्याचा धागा, आधीच झरा वाहत असेल तर त्याचं गढूळ होणं किंवा त्यातून काटक्या येऊ लागणं: यातली एकसुद्धा खूण दिसली की निघायचं. दुसरीची वाट पाहू नका, ती मिळण्याआधी पाणी येऊ शकतं.

एकदा उंच टप्प्यावर गाडी लावून मी पूर येताना पाहिला आहे. आभाळ निळं होतं. आधी आवाज आला, जड ट्रक खडीवरून येत असावा तसा. मग वळणावरून जे दिसलं ते पाणी वाटतच नव्हतं. काड्या, पालापाचोळा आणि तपकिरी फेसाचा एक जाड गालिचा सरपटत पुढे येत होता, चालत्या माणसाच्या वेगाने. पहिली काही क्षणं वाटलं, एवढंच? त्याच्यामागे पाणी गुडघाभर झालं, पाहता पाहता छातीभर. खालून दगडांचे एकमेकांवर आपटण्याचे आवाज येऊ लागले आणि पायाखालचा खडक हलकासा थरथरत होता. आमच्या चाकांच्या ज्या खुणा तासाभरापूर्वी तिथे उमटल्या होत्या, त्यांच्यावरून आता ओंडके चालले होते. तो गालिचा दिसल्यावर 'अजून गाडी काढता येईल' असं वाटू शकतं, आणि ते वाटणंच घातक आहे.

सहावी पायरी: पाणी आलंच तर

वर जा. घळीतून खाली, पाण्याच्या पुढे पळायचा विचार करू नका. पुढच्या अर्ध्या मिनिटात गाडीसह निसटायची जागा गाठता येत असेल तर गाडी न्या, नसेल तर गाडी तिथेच सोडा. पिशवी उचला, मुलांना पुढे घाला आणि पायी चढा. सोडलेली गाडी ही नवख्याला फार मोठी हानी वाटते. कर्ज असतं, हौसेने बसवलेलं सामान असतं. तरीही सोडा. कॅमेऱ्यासाठी, कागदपत्रांसाठी कुणालाही परत खाली उतरू देऊ नका. जुन्या पुराच्या रेघेच्या वर पोहोचलात की आणखी थोडं चढा.

सातवी पायरी: समोर वाहतं पाणी असेल तर

'माझी गाडी 70 सेंटिमीटर पाण्यातून जाते, कंपनीनेच लिहिलं आहे.' हे वाक्य वारंवार ऐकू येतं. तो आकडा संथ पाण्याचा, टणक तळाचा आणि सावकाश गतीचा असतो. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं आहे. मोठ्या एसयूव्हीचा तळ, चाकांच्या पोकळ्या वजा केल्या तरी, सुमारे आठ चौरस मीटरचा असतो. पाणी तळाला टेकल्यानंतर ते प्रत्येक 10 सेंटिमीटर चढलं की जवळपास 800 किलो वजन उचलून धरतं. अडीच टनांची गाडी अशा तीस सेंटिमीटरमध्ये तरंगायच्या बेतात येते. तळाची उंची 22 सेंटिमीटर धरली तर हे झालं जेमतेम अर्धा मीटर पाणी. चाकांची पकड तर त्याच्या कितीतरी आधी जाते, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की बाजूने बसणारा रेटा चौपट होतो. म्हणूनच मोटारींसाठी सांगितले जाणारे आकडे इतके लहान आहेत: 15 सेंटिमीटर वाहतं पाणी माणसाला पाडू शकतं, 30 सेंटिमीटर छोटी गाडी वाहून नेऊ शकतं, आणि 60 सेंटिमीटर बहुतेक सगळ्या गाड्या, पिकअप आणि एसयूव्हीसकट.

स्नॉर्केल, म्हणजे उंचावरून हवा घेणारा नळा, इंजिनाला हवा पुरवतो, गाडीला जमिनीवर धरून ठेवत नाही. मोठे टायर उंची देतात, पण त्यात हवा असते आणि तेही गाडीला वर उचलतात. शिवाय गढूळ पाण्याखालचा तळ तासाभरापूर्वी पाहिला तसा राहिलेला नसतो. पुराने तिथे माणूसभर खड्डा केलेला असू शकतो. चालत जाऊन खोली तपासा असा सल्ला संथ पाण्यासाठी ठीक आहे. वाहत्या गढूळ पाण्यात चालतही उतरू नका.

कायदाही या बाबतीत कडक आहे. संयुक्त अरब अमिरातीत पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर 2,000 दिरहम दंड, 23 ब्लॅक पॉइंट (चालकाच्या परवान्यावर चढणारे दंडगुण) आणि 60 दिवस गाडी जप्त. ॲरिझोनात अडथळे ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि सोडवावं लागलं, तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल होऊ शकतो.

गाडी पाण्यात अडकलीच तर

इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करायच्या नादात वेळ घालवू नका, आत पाणी शिरलेलं इंजिन त्याने फुटतं. वीज चालू आहे तोवर लगेच काचा खाली करा. दरवाजा पाण्याच्या दाबामुळे उघडत नाही आणि उघडला तर पाणी आत घेतो. सगळ्यांचे पट्टे सोडवा, मुलांना जवळ घ्या. बाहेर पाणी वेगात असेल आणि आत चढत नसेल तर आतच थांबा. आत चढू लागलं की खिडकीतून टपावर जा, मुलं आधी. बीकन दाबा. स्वतःला गाडीला किंवा दोराला बांधून घेऊ नका, गाडी उलटली तर सुटता येणार नाही.

वाहून जाऊ लागलात तर पाठीवर झोपा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, पावलं वर उचललेली. उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दोन दगडांत अडकला तर पाणी माणसाला त्याच जागी खाली दाबून धरतं. हातांनी तिरकं वल्हवत काठाकडे सरका.

आठवी पायरी: पाणी उतरताना घाई करू नका

14 सप्टेंबर 2015 रोजीच, त्याच वादळांत, युटातल्या हिल्डेल गावाजवळ दोन गाड्या पुराचं पाणी ओसरायची वाट पाहत ओलांडणीपाशी थांबल्या होत्या. मागून दुसरा लोंढा आला आणि दोन्ही गाड्यांना घेऊन गेला. आतल्या 16 जणांपैकी 13 जण, सगळ्या बायका आणि मुलं, गेले. त्या गाड्या पाण्यात शिरल्या नव्हत्या. थांबायची जागा पुराच्या आवाक्यात होती, एवढंच.

नकाशावर बाजूच्या घळींच्या खुणा करायला सांगितलं ते यासाठी. प्रत्येक फाट्याचं पाणी वेगवेगळ्या वेळी पोहोचतं. एक लोंढा ओसरताना दुसरा वाटेवर असू शकतो. म्हणून वाट पाहायची ती उंचावर, गाडीही उंचावर. वरचं आभाळ मोकळं झालं आहे, पाण्याची पातळी सलग उतरते आहे आणि बाजूचे फाटेही शांत झाले आहेत, हे तिन्ही दिसेपर्यंत हलू नका. संध्याकाळ होत आली असेल तर रात्र तिथेच काढा. अंधारात पाण्याचा रंगही दिसत नाही आणि चढ-उतारही कळत नाही.

पाणी गेल्यावरची वाळू वरून कोरडी आणि आतून लापशीसारखी असते. आधी पायी चाला, काठीने टोचून पाहा. काठी सहज खोल गेली तर चाकंही जातील. वाट नवी समजून शोधा, जीपीएसवरच्या जुन्या रेषेवर विसंबू नका. बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबून वाळवा, आणि गाडी चाकांच्या मध्यापर्यंत बुडाली असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (इंजिनाची शक्ती चाकांत वाटणाऱ्या भागाचं) तेल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे.

रेंज आल्याबरोबर पहिला निरोप त्या घरी राहिलेल्या माणसाला पाठवा. ठरलेली वेळ टळून गेली असेल तर त्याने शोधपथकाला कळवलेलं असेल. अशा वेळी पथकालाही स्वतः फोन करून तुम्ही बाहेर आला आहात हे सांगा. नाहीतर तुमच्यासाठी दुसरी माणसं त्याच घळीत उतरतील.